प्रत्येकीची मूठभर डाळ

घोडा घ्यायचाय म्हणून जो माणूस माझ्या फाटकात येऊन उभा राहतो, त्याच्या हातात मी आधी फावडं देते. चहा नंतर. एक सकाळ त्याने लीद उचलायची, ओला पेंढा बाजूला काढायचा, पाण्याची टाकी घासायची. बहुतेकांचा घोडा तिथेच विकत घेऊन, पाळून आणि विकूनही होतो. ते हात धुतात, मोबाइलमध्ये एक फोटो काढतात आणि समाधानाने घरी जातात. जे दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, त्यांच्याशीच मी पुढचं बोलते.

माझा तबेला भिलाईहून नंदिनी नगरला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथे आहे. दुसऱ्यांचे घोडे सांभाळणं हा माझा धंदा. घोडा त्यांचा, जागा माझी, आणि जबाबदारी कोणाची यावरून आमची कायमची चर्चा. दुर्गच्या मराठी घरातली बाई या धंद्यात कशी आली, असं सगळेच विचारतात. ते सांगत बसले तर संध्याकाळचा चारा राहील. मला बसून राहता येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. घोडा दिसतो दांडगा, पण आतून काचसामान असतो. देहाच्या मानाने त्याचं जठर लहान, म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं. गवत आधी, दाणा नंतर आणि बेताने. त्याला ओकता येत नाही. आपल्याला बाधलेलं आपण बाहेर काढतो. घोड्याच्या पोटात गेलेलं पुढेच जायला हवं. मध्ये अडकलं, फुगलं, आतड्याला पीळ पडला, तर उभा घोडा दिवसभरात आडवा होतो. म्हणून घोडेवाला माणूस सकाळी देवाच्या आधी लीद बघतो. बाकी सगळं त्यानंतर. खूर रोज उचलून साफ करायचे, कारण आमच्या भागात चुनखडीचे खडे खुरात रुततात आणि घोडा लंगडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. महिना-दीड महिन्याने नालबंद आलाच पाहिजे. दात तपासायचे, जंताचं औषध द्यायचं, लस टोचायची. आणि सोबत द्यायची. एकटा बांधलेला घोडा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत दिवसभर डुलत राहतो. बघणारे म्हणतात, वा, नाचतोय. तो नाचत नसतो.

एका ठेकेदाराने घोडा घेतला आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये बांधला. खाली आरशासारख्या टाइल्स. त्याचा फोन आला, "मॅडम, घोड़ा फिसलता है. इसका कोई जूता आता है क्या?"

मी म्हटलं, "टाइल्स काढा."

तो म्हणाला, "टाइल्स तो नए हैं."

तो घोडा माझ्याकडे आला. दुसरा एक घोडा एका मुलीला वाढदिवसाला मिळाला होता. ती रोज संध्याकाळी यायची, खरंच जीव लावायची. मग शिकायला कोट्याला गेली. जाणारच, तिचं वय शिकायचं. पण तिला जे कळलं होतं ते घोड्याला कोण समजावणार? ती यायची त्या वेळेला तो कितीतरी महिने फाटकाकडे तोंड करून उभा राहायचा आणि टापेने जमीन उकरायचा. तिथे पडलेला खड्डा मी भरते, पावसाळ्यात तो पुन्हा दिसतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. हौस तेवढी जगत नाही. धंद्यातलं हे माझं एकमेव रडगाणं आहे, ते इथे संपवते.

कारण मला गोतमारे काकांबद्दल सांगायचंय.

काका मूळचे नागपूरकडचे. सगळी नोकरी चरोद्याच्या यार्डात शंटिंगमध्ये गेली. वॅगन जोडायच्या, सोडवायच्या, इंजिनाला हात दाखवायचा. निवृत्त झाल्यावर एका वरातीच्या घोडीवाल्याने धंदा गुंडाळला, त्याची पांढरी घोडी यांनी घेतली आणि माझ्याकडे आणली. तिचं नाव शेवंती. फावडं दिलं तर काकांनी एकाऐवजी चार घोड्यांची ठाणं साफ केली आणि मला विचारलं, "अजून हाय का जी?"

मी विचारलं, या वयात घोडी कशाला?

"वॅगनले नाव घेऊन हाक मारता येत नाई, मॅडम. जिंदगीभर वढल्या, एकीनं मान वळवून पायलं नाई."

हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये राहत होतं. काकांची थोरली बहीण, शांताबाई. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीने काकांना वाढवलं. तिच्या नातवाची, पीयूषची वरात आपल्या घरच्या घोडीवर काढायची, असा शब्द काकांनी तिला दिला होता. शांताबाईंसमोर हा माणूस अजूनही शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. बहिणीचा फोन आला तरी उठून उभा राहून बोलायचा, हे मी स्वतः पाहिलंय.

काका रोज स्कूटरवरून चरोद्याहून यायचे. खरारा, खूर, पाणी, फिरवणं, सगळं स्वतः करायचे. घोडे राखणारा माझा सईस बिसाहू त्यांच्यावर खूष होता, कारण त्याचं एका घोड्याचं काम वाचायचं. शेवंतीला थांबवायचं झालं तर काका लगाम ओढत नसत. समोर जाऊन दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे करत. रेल्वेत हातात झेंडी नसली की धोक्याची खूण अशीच करतात. शेवंती थांबायची. काका म्हणायचे, "ह्याच्यापुढे इंजिन थांबते, घोडी काय चीज हाय."

बिसाहू म्हणायचा, "कका, घर में काकी घलो थम जथे का?" घरी काकूही थांबतात का, असं त्याला विचारायचं असायचं.

"तिथं ड्युटी तिची असते, भाऊ."

लग्नाच्या आधी मी काकांना समोर बसवून सगळं सांगितलं. ऊन चढायच्या आत न्यायचं, झूल आयत्या वेळी घालायची, फटाके लांब, आणि मुख्य म्हणजे खाणं. घोडीला चण्याची भिजवलेली डाळ चारायची रीत आता आमच्याकडच्या मराठी लग्नांतही शिरली आहे. नवरदेव चढायच्या आधी बहिणी, वहिन्या घोडीला ओंजळीतून डाळ देतात, आयाळीत नाडा बांधतात. भाड्याच्या घोडीचं एक बरं असतं. तिचा मालक वाकडं तोंड करून उभा असतो. एक घास झाला की तो लगाम ओढतो, बायकांना हटकतो, त्याला कोणाची भीड नसते. म्हणून मी काकांना बजावलं, एक घास, शगुनापुरता. काका "हव, हव" म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी दुपारी पोचणार होते. त्या आधीच काकांचा फोन आला.

"मॅडम, शेवंती कावून अशी करून राहिली जी? सारखी पोटाकडं पाहून राहिली."

पुढचं मी ऐकलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, बिसाहूला मागे बसवलं आणि निघाले.

सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरांमागे एक मोकळं मैदान आहे. त्याच्या कडेला मांडव, समोर बँडवाले गणवेश घालून तयार, आणि कडुनिंबाखाली शेवंती. झूल, कलगी, कपाळावर लाल झालर, आणि मान सारखी कुशीकडे. पुढच्या पायाने जमीन उकरत होती. वरचा ओठ दुमडत होती. मी पोचेपर्यंत ती एकदा गुडघे मोडून बसली आणि लोळायला लागली. तिच्या अंगाखाली झुलीची जरी कराकरा वाजली. बिसाहूने आणि मी तिला उठवलं. झूल, कलगी, सगळं उतरवून टाकलं. मी कुशीला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सदा गुडगुड चाललेली असते, लांबून मालगाडी गेल्यासारखी. इथे शांतता होती. गळा घामाने ओला.

याला आम्ही पोटशूळ म्हणतो. घोडेवाले कुरकुरी म्हणतात. नाव गमतीचं आहे, आजार नाही.

"काय खाल्लंय हिने?" मी विचारलं.

काका फेटा सारखा करत राहिले. भोवती नटलेल्या बायकांचं कडं होतं. त्यातली नवरदेवाची आत्या म्हणाली, "मी तर बापा मूठभरच डाळ दिली."

"मीबी मूठभरच." ही काकू.

शेजारच्या क्वार्टरमधल्या तेलुगू अम्मा म्हणाल्या, "थोड़ा सा चना, थोड़ा गुड़. बस इतना." त्यांनी दाखवलेला इतना माझ्या दोन्ही ओंजळींत मावला नसता. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी घरची परात आणली होती, कारण आमच्यात असंच करतात म्हणून. समोरच्या ओडिया घरातून केळी आली होती. सेक्टरात एका घरचं लग्न म्हणजे सगळ्या ब्लॉकचं लग्न. आणि घोडी भाड्याची नव्हती, मामाआजोबांची होती, म्हणजे नात्यातली. नात्यातल्याला एका घासावर कोण उठवतं? सकाळपासून तिचा पाहुणचार चालला होता. प्रत्येकीची मूठभरच होती.

मी काकांकडे बघितलं.

"कोनाले नाई म्हनू, मॅडम? सारे घरचेच होते."

डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, पोट ऐकलं, नाकातून नळी घालून पोटातला वायू आणि आंबलेलं पाणी जमेल तेवढं काढलं, तेल सोडलं, दुखण्यावर इंजेक्शन दिलं. मग हात पुसत म्हणाले, "खाना बिलकुल बंद. धीरे-धीरे चलाइए, लोटने मत दीजिए. लीद हो गई तो समझिए रास्ता खुल गया. नहीं हुई तो..." पुढचं त्यांनी मला एकटीला सांगितलं. घोड्याचं पोट उघडून पीळ सोडवतात अशी जागा आमच्यापासून इतकी लांब आहे की शेवंती तिथवर पोचली नसती. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. फोन चालू ठेवतो म्हणाले आणि गेले.

मग ते चालणं सुरू झालं. काका डाव्या बाजूला दोर धरून, मी उजव्या बाजूला, बिसाहू मागे. मैदानाला फेऱ्या. कोणी एका जागी उभं राहीना. नवरदेवाचे मित्र मांडवाच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. बँडचा मास्टर क्लॅरिनेट काखेत धरून येरझारा घालत होता. त्याला पुढे दुसरी वरात होती. बायका घड्याळाकडे, मग घोडीच्या शेपटीकडे, मग माझ्याकडे बघत. मी चालत होते ते बरं होतं. उभी असते तर मीही जमीन उकरली असती.

इंजेक्शनने शेवंतीचं दुखणं दबलं, ती शांत झाली. हीच खरी पंचाईत झाली. शांत घोडी बघून शांताबाई पुढे आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, पाठ ताठ.

"झाली न बरी? आता झूल टाका. मुहूर्त चुकून राहिला."

"बरी नाही झाली," मी म्हटलं. "औषधाने दुखणं दबलंय. आज तिच्यावर कोणालाही बसवता येणार नाही."

"फकस्त बसंन आन उतरंन. हॉल काई रायपूरले हाय का? थे पाहा, समोर दिसून राहिला."

"नाही बसवता येणार."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घोडी तुमची हाय का, बाई?"

"नाही."

"मंग माह्या भावाले बोलू द्या."

बरोबर होतं त्यांचं. मी सांभाळते, सल्ला देते, रागावते. हो किंवा नाही हे मालकाचं. घोड्याची काळजी म्हणजे चारा, खूर, औषध एवढंच असतं तर ती कोणीही पगारी माणूस घेऊ शकतो. जे पगारी माणसाला करता येत नाही ते नेमकं त्या क्षणी काकांपुढे येऊन ठाकलं होतं. मी काकांच्या हातातला दोर घेतला आणि बाजूला झाले.

"नारायण," शांताबाई म्हणाल्या, "तुले मी कडेवर वागवलं. कदी काई मांगतलं का? ह्या एका गोष्टीसाठी मी वर्साभरापासून साऱ्या सेक्टरात सांगत फिरून राहिली, का माह्या भावाच्या घोडीवर पोट्टा जाईन म्हनून."

काकांची नजर बहिणीच्या पायांवर होती. आत्याने तेवढ्यात झूल उचलली, दोन मुलांनी तिची दुसरी बाजू धरली आणि ते घोडीकडे यायला लागले. मास्टरने क्लॅरिनेट ओठाला लावलं.

काका दोन पावलं सरकून शेवंतीच्या पुढे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले.

नवा झब्बा बगलेत घामाने काळा झालेला, फेटा कानावर कललेला, आणि हात ताठ. झूल धरलेली मुलं जागच्या जागी थांबली. त्यांना खूण माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्या हातांकडे बघून पुढे जाववेल असं नव्हतं. शांताबाईंना मात्र माहीत होती. यार्डातल्या नोकरीची पहिली बातमी घेऊन आलेल्या भावाने अंगणात ही खूण करून दाखवली असेल, आणि ती पुन्हा पुन्हा करायला लावून त्या हसल्या असतील, असं मला आपलं वाटतं.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "दुखतीन."

काकांनी घेतले नाहीत.

मुंडावळ्या सावरत पीयूष पुढे आला. घरात मराठी, बाहेर हिंदी अशा वयाचा मुलगा. "आजी, चल ना यार. हॉल तो सामने है. मी चालत जातो." मग जरा थांबून म्हणाला, "सच बोलूं तो मला घोडीची भीतीच वाटून राहिली होती. सुबह से बोल नहीं पाया."

आधी आत्या हसली. मग बँडवाला. शांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, नातवाचा हात धरला आणि चालायला लागल्या. जाता जाता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नारायण, अक्षदा घेऊन ठेव. येशीन तं येशीन." आत्याने येऊन काकांच्या खिशात अक्षतांची पुडी कोंबली. मी बँडच्या मास्टरला सांगितलं, कोपऱ्यावर जाईपर्यंत वाजवू नका. तेवढं त्याने ऐकलं. सबंध वरात मैदानाच्या कडेने चिडीचूप निघाली. क्वार्टरांच्या गॅलऱ्यांतले लोक हात जोडावेत की हलवावेत, या विचारात पडले.

मैदानात आम्ही तिघं आणि शेवंती उरलो. फेऱ्या चालूच. दर वळणावर काका थांबून तिच्या कुशीला कान लावायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. एकदा ती बसायला गेली तेव्हा बिसाहूने आणि त्यांनी तिला खांद्यांनी रेटून उभी ठेवली. तिच्या डोळ्याभोवतीचं पांढरं दिसत होतं. मी मनात पुढच्या गोष्टींची जुळणी करत होते: डॉक्टरांना पुन्हा कधी बोलवायचं, गाडी कोणाची मिळेल, आणि ज्या गोष्टीची जुळणी कोणालाच करावीशी वाटत नाही, तीही.

ऊन उतरलं. हॉलच्या भोंग्यातून मंगलाष्टकं ऐकू यायला लागली. कोणीतरी नवशिकी बाई मनापासून बेसूर म्हणत होती. काका चालता चालता खिशातली पुडी चाचपत होते. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा कान लावला आणि तो तसाच ठेवून राहिले.

"मॅडम. गाडी गेली."

मी कान लावला. खोल आत, लांबून, मालगाडी जात होती.

आम्ही चालत राहिलो. कोणी काही म्हणालं नाही. अशा वेळी बोललं की बिघडतं, असं घोडेवाल्यांना वाटतं, आणि मलाही वाटतं. भोंग्यातून शेवटचं "सावधान" आलं, बँड वाजला, आणि शेवंतीने पाय रोवले. शेपूट उचलली. तेलाने चकचकणारी, डाळीची अख्खी दळं दिसणारी भली मोठी लीद गवतावर पडली.

बिसाहूने हात जोडले. काकांनी पुडी फाडली आणि सगळ्या अक्षता तिच्या डोक्यावरून उधळल्या.

"काका, तांदूळ!" मी ओरडले. डॉक्टरांनी खाणं बंद सांगितलं होतं, आणि शेवंतीचे ओठ गवताकडे निघालेच होते. बिसाहूने तिचं तोंड वर धरलं. काका नव्या धोतरानिशी गुडघ्यांवर बसले, मी त्यांच्यासमोर बसले, आणि आम्ही वेचायला लागलो.

"एकबी सुटला नाई पायजे," काका म्हणत होते. ते रडत होते, त्यामुळे त्यांना दाणे दिसत नव्हते, आणि ते जास्त करून गवतच उपटत होते.

हॉलमध्ये पंगत बसली असेल तेव्हा आम्ही दोघं अजून गवतातले पिवळे तांदूळ शोधत होतो. बिसाहूच्या हातून मान सोडवून घेत शेवंतीही ते शोधत होती. तिला भूक लागली होती.